मैत्रिणीच्या आजीचे काय होणार?

केडगावहून एका वाचक मुलीचा मेसेज आला. केडगाव म्हणजे नगरचे, पुणे रस्त्याकडचे, आता महापालिकेत सामावलेले. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचे केडगाव वेगळे. ते पुणे जिल्ह्यात, दौंड तालुक्यात. दोन्हींची गल्लत इतकी होते की हा खुलासा आधीच केलेला बरा. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. इथे मात्र जुन्या गोष्टींच्या ओघात नगर हाच शब्द येईल.

या मुलीची वर्गमैत्रीण ख्रिश्चन आहे. मैत्रिणीची आजी आयुष्यभर नर्स होती. गल्लीतली निम्मी मुले तिच्या हातावर जन्मली, त्यात ही मुलगीही. आजी वारली तेव्हा ही चर्चमध्ये गेली, मागच्या बाकावर बसली, मातीलाही थांबली. घरी आल्यावर नात्यातल्या एका मोठ्या माणसाने सुनावले, ‘तिथं जायचं नव्हतं. दुआ तर अजिबात मागायची नव्हती. ते लोक जहन्नमचेच.’ तिने आम्हाला लिहिले, ‘मला वाद घालायचा नाही. मला फक्त सांगा, माझ्या मैत्रिणीची आजी नरकात जाईल का?’

संपादकाने उत्तर देण्याचा हा प्रश्न नाही, असे म्हणून सुटता आले असते. पण हाच प्रश्न साधारण १४० वर्षांपूर्वी नगरच्याच एका ख्रिस्ती मिशनऱ्यापुढे आला होता. त्याने तो टाळला नाही, आणि त्यापायी त्याची नोकरी जवळजवळ गेली. ती हकिकत आपल्या तरुणांना माहीत असायला हवी. एका धर्मपंथाने आपला दरवाजा कसा रुंदावला, त्याची किंमत काय मोजली, आणि आपण त्यातून काय घ्यायचे, हे तिच्यातून दिसते.

अमेरिकन मराठी मिशन नगरला आले १८३१ साली. बोस्टनच्या ‘अमेरिकन बोर्ड’ने ते चालवले होते. या बोर्डामागे मुख्यतः काँग्रिगेशनल पंथाची मंडळी होती. वर बिशप नाही, पोप नाही. स्थानिक मंडळी जमते, चर्चा करते, मत देते आणि ठरवते, ही त्यांची रीत. याच मिशनमधून १८४२ साली नगरला ‘ज्ञानोदय’ सुरू झाले. आपल्या या अंकासारखेच तेही मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत निघू लागले. सिंथिया फरार या अविवाहित बाईंनी नगरला मुलींच्या शाळा चालवल्या. त्या शाळा पाहून जोतीराव फुले पुण्याला परतले आणि १८४८ साली त्यांनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे फरारबाईंकडे घेतले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

हे सगळे गोड गोड सांगून थांबता येणार नाही. ‘ज्ञानोदय’ने दुसऱ्यांच्या धर्मावर तिखट टीका केली, आणि मिशनरी इथे आले ते आपला धर्म खरा व बाकीचे खोटे या खात्रीनेच. अमेरिकेतही याच बोर्डाने गुलामगिरीविरुद्ध स्पष्ट बोलायला कुचराई केली, म्हणून चिडलेल्या लोकांनी १८४६ मध्ये वेगळी मिशनरी संस्था काढली. म्हणजे हा पंथ जन्मतः उदार होता असे नाही. तो वाद घालत घालत उदार झाला, आणि आपल्याला उपयोगाचे काही असेल तर ते एवढेच आहे.

आता तो मिशनरी. रॉबर्ट अॅलन ह्यूम. जन्म मुंबईचा, १८४७चा, मिशनरी आईबापांच्या पोटी. येल विद्यापीठात शिकून १८७४ साली परत हिंदुस्थानात आले आणि नगरचे झाले. धर्मोपदेशक तयार करणारी शाळा त्यांनी नगरला सुरू केली. अशा माणसाला गावोगाव एक प्रश्न हमखास विचारला जाई: तुमचा येशू न कळता आमचे बापजादे मरून गेले, त्यांचे काय? ते सगळे कायमचे नरकात का? आणि असा निवाडा करणाऱ्या देवाला आम्ही न्यायी कसे म्हणावे?

१८८६ साली ह्यूम रजेवर अमेरिकेत होते. तिथे अँडोव्हरच्या धर्मशिक्षण संस्थेतले काही विद्वान म्हणत होते की ज्याला या जन्मात संदेश ऐकण्याची संधीच मिळाली नाही, त्याला देव मृत्यूनंतर ती देईल, अशी आशा धरायला हरकत नाही. ह्यूम यांनी जाहीर भाषणात या विचाराची बाजू घेतली आणि हिंदुस्थानात काम करणाऱ्याला त्याची गरज का भासते ते सांगितले. बोर्डात वादळ उठले. मेल्यावरही संधी आहे म्हटल्यावर मिशनला वर्गणी कोण देणार, असा रोकडा सवालही त्यात होता. ह्यूम यांना नगरला परत पाठवायचे थांबवले गेले. त्यांनी शब्द मागे घेतले नाहीत. बरीच भवति न भवति होऊन अखेर त्यांना परत येऊ दिले. पुढे दुष्काळातील कामासाठी त्यांना कैसर-ए-हिंद पदक मिळाले, १८९३च्या शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेतही ते बोलले. नगरचे ह्यूम मेमोरियल चर्च त्यांचेच नाव सांगते.

ह्यूम यांचा दरवाजा फार रुंद नव्हता, हेही खरे. त्यांच्या लेखी तारणारा येशूच. फक्त त्याच्याकडे पोहोचायला मुदत वाढवून मिळत होती. पण शेजाऱ्याच्या मेलेल्या आजोबाकडे पाहून आपल्या धर्मशास्त्राला प्रश्न विचारायचा, आणि तो आपल्याच लोकांत उभे राहून विचारायचा, ही गोष्ट छोटी नाही.

आपल्याकडे हा प्रश्न कुणी विचारलाच नाही, असे समजू नका. इमाम गझालींनी नऊशे वर्षांपूर्वी ‘फैसल अल्-तफरिका’ या पुस्तिकेत तो सरळ हाताळला आहे. दूरच्या मुलुखातले रोमन आणि तुर्क, ज्यांच्यापर्यंत प्रेषितांचे नावही गेले नाही, त्यांना ते अल्लाहच्या दयेत धरतात. ज्यांच्या कानावर नाव गेले पण विपर्यास होऊन, खोटेनाटे होऊन गेले, त्यांनाही ते याच रांगेत बसवतात. या दुसऱ्या गटावर थोडे थांबून विचार करा. आज टीव्हीवरून, व्हॉट्सअॅपवरून आणि, खरे सांगायचे तर, आपल्या स्वतःच्या वागण्यातून इस्लामचे जे चित्र लोकांपर्यंत जाते, ते पाहून ज्याने पाठ फिरवली, त्याचा हिशेब नक्की कुणाच्या खात्यावर मांडायचा?

गझाली दूरचे वाटत असतील तर नगरच्याच किल्ल्यात चला. १९४२च्या ऑगस्टमध्ये काँग्रेसच्या कार्यकारिणीला तिथे डांबले. त्यात मौलाना आझाद होते. पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात मरण पावल्याची बातमी त्यांना याच किल्ल्यात कळली. ‘गुबार-ए-खातिर’ इथलेच. पण आपल्या विषयाशी संबंध आहे तो त्यांच्या आधीच्या ‘तर्जुमान-उल-कुरआन’चा. सूरह फातिहावर लिहिताना मौलाना ‘दीन’ आणि ‘शरीअत’ असा भेद करतात. दीन म्हणजे एका ईश्वराची भक्ती आणि नेक आचरण. तो सर्वत्र एक. शरीअत, म्हणजे पद्धती आणि नियम, ती काळ आणि समाज पाहून वेगवेगळी. माणसांनी दीन सोडून गटांच्या पाट्या धरल्या, आणि कुरआनचे सांगणे याविरुद्ध आहे, असे त्यांचे म्हणणे. सूरह बकराची ६२वी आयत काढून वाचा. तिथे यहुदी आणि ख्रिस्ती लोकांचा उल्लेख कशासाठी आला आहे ते स्वतः पाहा. पारंपरिक भाष्यकार तिचा अर्थ आखडता घेतात, हे आम्हाला ठाऊक आहे. मौलानांनाही ठाऊक होते, आणि त्यांच्यावर उलेमांनी टीकाही भरपूर केली.

तेव्हा केडगावच्या बहिणीला आमचे उत्तर असे: तुझ्या मैत्रिणीच्या आजीचा निवाडा त्या मोठ्या माणसाकडे सोपवलेला नाही, आमच्याकडेही नाही. तू मातीला गेलीस ते बरोबर केलेस. ज्या हातांनी तुला जगात आणले, त्या हातांना निरोप द्यायला जाण्यासाठी फतवा लागत नाही.

पण हे संपादकीय इथेच संपवले तर ते अर्धे राहील. चांगली आयत, चांगला इमाम, चांगला मौलाना काढून दाखवायचा आणि समाधानाने घरी जायचे, ही आपली जुनी सवय आहे. ह्यूम यांच्या पंथाने त्यापुढे काय केले ते पाहा.

अमेरिकेत बहुसंख्य काँग्रिगेशनल मंडळ्या १९५७ साली दुसऱ्या एका चर्चशी एक झाल्या आणि ‘युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट’ तयार झाले. या पंथात श्रद्धेची वचने आहेत, पण ती कुणाला आत घ्यायचे आणि कुणाला बाहेर ठेवायचे याची चाळणी म्हणून वापरत नाहीत. पूर्वजांनी दिलेली साक्ष म्हणून वाचतात. देवाचे बोलणे जुन्या पानांवर संपलेले नाही, अशा अर्थाचे त्यांचे घोषवाक्य आहे. नबुवत संपली असे मानणारे आपण हे वाक्य जसेच्या तसे घेऊ शकत नाही, घेण्याची गरजही नाही. आपल्याकडे त्यासाठी इज्तिहाद हा शब्द आहे. फक्त तो शब्द आपण भाषणात वापरतो आणि ते ठराव करतात.

१८५३ साली या परंपरेतल्या एका छोट्या मंडळीने अँटोनेट ब्राऊन या स्त्रीला धर्मगुरूपदाची दीक्षा दिली. १९७२ साली याच चर्चने विल्यम जॉन्सन या उघडपणे समलिंगी असलेल्या तरुणाला दीक्षा दिली. १९८५ मध्ये समलिंगी व्यक्तींना मंडळीत पूर्ण स्थान देण्याचे आवाहन सर्वसाधारण सभेने केले, २००५ मध्ये त्यांच्या विवाहाच्या हक्काला पाठिंबा दिला. या शेवटच्या ठरावानंतर अनेक मंडळ्या रागावून बाहेर पडल्या. सभासदसंख्या आजही घटते आहे. म्हणजे हा मार्ग धर्म वाढवण्याची युक्ती म्हणून कुणी घेऊ नये. समलिंगी नात्यांबद्दल आमच्या संपादक मंडळातही एकमत नाही. पण कुणा मुलाला किंवा मुलीला या कारणावरून मारहाण होणे, घराबाहेर काढले जाणे किंवा बळजबरीने निकाह लावला जाणे चुकीचे आहे, यावर नक्की आहे.

मला स्वतःला जास्त भिडले ते या चर्चचे १९८७चे काम. वंशभेदाविरुद्ध काम करणाऱ्या त्यांच्या आयोगाने देशभराचा अभ्यास करून दाखवले की विषारी कचऱ्याच्या जागा कुठे होतात हे ठरवण्यात गरिबीपेक्षाही वंशाचा वाटा मोठा आहे. काळ्या लोकांच्या वस्त्यांशेजारीच त्या सापडतात. एका चर्चने आकडे जमवले, नकाशे काढले, अहवाल छापला. पर्यावरण आणि न्याय हे दोन शब्द जोडून वापरण्याची सवय जगाला लागण्यात त्या अहवालाचा मोठा हात आहे. आता मुंबईत देवनारला या. १९२७पासून शहराचा कचरा तिथे पडतो आणि त्याच्या कुशीत गोवंडीच्या वस्त्या आहेत, त्यातले बहुसंख्य मुसलमान आणि दलित. तिथले तरुण लढतात, कोर्टात जातात. पण आपल्या मोठमोठ्या जमातींपैकी, बोर्डांपैकी कुणी त्या धुराचा अभ्यास करून अहवाल छापला, असे आमच्या पाहण्यात नाही. तलाक आणि निकाहवर मात्र त्यांच्याकडे कपाटभर साहित्य आहे. क्षयाच्या रांगेत उभे असलेले पोर हा धर्माचा विषय कधी होणार?

इकडे नगरच्या मंडळ्यांनी वेगळी वाट धरली. १९२४मध्ये त्या प्रेस्बिटेरियनांशी एक झाल्या, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चनी मिळून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन केले, त्यात त्या आल्या. हमीद दलवाईंनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले तेही त्याच वर्षी, मार्चमध्ये. नागपूरच्या ऐक्यातली एक गोष्ट आपण नीट बघावी. बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला द्यायचा की समजत्या वयातच द्यायचा, यावर युरोपात एकमेकांना ठार मारण्यापर्यंत वेळ गेली होती. नव्या चर्चने दोन्ही पद्धती मान्य केल्या. एकाच छताखाली, एकाच मेजाभोवती. आपल्याकडे देवबंदी, बरेलवी, अहले हदीस यांच्या मशिदी एकाच गल्लीत असतात आणि एकामागे दुसऱ्याची नमाज होते की नाही यावर तरुण पोरे रात्र रात्र भांडतात. नगर हे तर बुऱ्हाण निजामशहाने १५३७च्या सुमारास शिया पंथ स्वीकारला ते शहर. तिथल्या मोहरमला हिंदूंचाही हात लागतो. सवाऱ्यांना जमते ते मशिदीच्या पाटीला का जमू नये?

मागे याच नगरच्या मिशनमधल्या एका मराठी माणसाने याहून पुढची उडी मारली होती. नारायण वामन टिळक. नगरच्या धर्मशिक्षण शाळेत ते शिकवत. १९१७मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही त्यात ख्रिस्ताचे शिष्य म्हणून बरोबरीने येणार होते. दोनच वर्षांत टिळक गेले आणि दरबार फार टिकला नाही. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली नसतील त्यांनी जरूर वाचावीत. सोवळ्यात वाढलेली एक बाई जातीचे एकेक कवच कसे उतरवते, ते त्यात आहे, आणि हसवत हसवत आहे.

कवच उतरले म्हणजे जात गेली का? नाही. तमिळनाडूत दलित ख्रिश्चनांसाठी वेगळ्या दफनभूमी आहेत. आणि आपल्याकडे? एका सफेत उभे राहतो म्हणून आपण छाती फुगवतो, आणि सफ मोडली की बागवान, मन्यार, पिंजारी, शिकलगार, अत्तार. पोरीचे स्थळ बघताना बिरादरी आधी विचारली जाते.

या बाबतीत नगरच्या ख्रिश्चनांचे आणि आपले दुखणे अगदी एक आहे, अन् तरी आपण एकमेकांना ओळखत नाही. नगर भागात मिशनकडे आलेले बहुतेक लोक महार आणि मांग समाजातले. १० ऑगस्ट १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६मध्ये शीख आले, १९९०मध्ये बौद्ध आले. ख्रिश्चन आणि मुसलमान आजही बाहेर. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७मध्ये सांगितले की धर्माची अट काढा. मग २०२२मध्ये न्या. बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. गटार साफ करणाऱ्या मेहतर मुसलमानाचा आणि बाप्तिस्मा घेतलेल्या मांगाचा हा एकच खटला आहे. ख्रिश्चन संघटना १० ऑगस्टला काळा दिवस पाळतात. आपल्यातले काही ओबीसी आणि दलित मुस्लिम कार्यकर्तेही त्यात जातात. मशिदीतून मात्र त्या दिवशी एक शब्द ऐकू येत नाही. फेब्रुवारी २०२५मध्ये राज्य सरकारने ‘लव्ह जिहाद’ आणि धर्मांतराबाबत कायद्याचा विचार करायला पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हाही आपण त्यातला पहिला शब्द वाचून घाबरलो. दुसरा शब्द कुणासाठी होता, ते केडगावच्या त्या मैत्रिणीच्या घरी विचारा.

राहिला बायकांचा मुद्दा. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाने गेल्या शतकातच स्त्रियांना धर्मगुरूपद खुले केले. दक्षिणेतल्या भगिनी चर्चने २०१३मध्ये पहिली स्त्री बिशप नेमली. आपली मागणी इतकी मोठी नाहीच. पुण्याच्या एका दांपत्याने २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयात विचारले ते इतकेच, की बाईला मशिदीत नमाज पढता येईल का. पर्सनल लॉ बोर्डाने २०२०च्या जानेवारीत शपथपत्र दिले की इस्लाम तिला मनाई करत नाही. हाजी अलीच्या मजारीजवळ जाण्याचा हक्क महिलांनी २०१६मध्ये उच्च न्यायालयातून मिळवला. म्हणजे तत्त्वतः दार उघडे आहे. आता तुमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत बाईला वजू करायला नळ आहे का, ते पाहा. प्रवासात असर चुकू नये म्हणून एसटी स्टँडवर कोपरा शोधणाऱ्या आपल्या बहिणींना शपथपत्राचा कागद काय कामाचा?

काँग्रिगेशनल रीत आपल्याला परकी नाही. शूरा हा शब्द त्यांच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे आहे. मशिदीची जमात सभा घेऊ शकते, ठराव करू शकते, ट्रस्टच्या घटनेत दुरुस्तीही करता येते. म्हणून यावेळी वाचकांना एक काम. आपल्या मशिदीच्या किंवा कब्रस्तानच्या ट्रस्टची घटना मिळवा. वक्फ मंडळाकडे नोंद असेल तर तिथून नक्कल मागता येते, धर्मादाय आयुक्तांकडे असेल तर त्यांच्याकडून. सभासद कोण होऊ शकतो, त्यात ‘पुरुष’ असा शब्द आहे का, एखाद्या बिरादरीचे किंवा मसलकाचे नाव आहे का, सर्वसाधारण सभा शेवटची कधी झाली, एवढे चार प्रश्न त्यात शोधा आणि आम्हाला कळवा. मराठीत लिहा, इंग्रजीत लिहा. पहिली प्रत केडगावची मुलगी पाठवणार आहे. तिने कागद मागितला तेव्हा मुतवल्लींनी विचारले, ‘तुला कशाला पाहिजे?’ ती म्हणाली, ‘वाचायचंय.’ त्यांनी शुक्रवारी ये म्हणून सांगितले आहे.